नावासकट नकाशा

दानिशचं आमच्या गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. तेल्हाऱ्याहून गावाकडे वळलं की पहिलंच. रविवारी तो अकोल्याला जायचा. तिथं काही पोरं खुलं सॉफ्टवेअर लिहीत. कुणीही घ्यावं, सुधारावं, पुढं द्यावं. सुधारणा केली की खाली स्वतःचं नाव घालायचं, हा त्यांचा रिवाज.

त्या वर्षी कपाशी दुसऱ्यांदा जळाली. विहिरी खाऱ्या. गाव टँकरवर. खेपा कागदावर पूर्ण व्हायच्या, गल्लीत अर्ध्याच. दानिशनं गावाचा नकाशा इंटरनेटवर टाकला. टँकर आला नाही की त्या घरावर लाल ठिपका, खाली सांगणाऱ्याचं नाव. नकाशा कुणालाही पाहता येई, उतरवून घेता येई.

"नाव कायले पाहिजे यार?" मी विचारलं.

"बिननावाचं कोन खरं मानन?"

पहिला ठिपका दुर्गाबाईंचा. त्या शिवणकाम करत, एकट्याच राहत. "टाक बाबू, मी काय कोनाले भेतो?" मग सारी गल्ली आली. तालुक्याच्या साहेबांनी दानिशला बोलावून चहा पाजला.

आठवड्यानं टँकरच्या ठेकेदाराचा माणूस दुकानात आला. हसत होता. त्याच्या फोनात नकाशा उतरवलेला.

"झकास काम केलं भाऊ. आमाले घरं शोधा नाही लागत आता."

दुसऱ्या दिवशी टँकर थेट दुर्गाबाईंच्या दारात थांबला. ड्रायव्हरनं फोनात पाहून त्यांचं नाव मोठ्यानं वाचलं. त्यांची सगळी भांडी भरली. मग पाइप गुंडाळला.

"बाकीच्याईचं पानी या बाईनं अडकवलं. नावं काढा आपली, मंग पाहू."

रोज तसंच. दुर्गाबाई पाण्यानं भरलेले गुंड-कळशा ओट्यावर मांडून शेजारणींना हाका मारत. कुणी हात लावला नाही. कुणीतरी त्यांच्या दारावर शेण फेकलं.

बाया दुकानात येऊ लागल्या. दानिश मान खाली घालून एकेक नाव काढत गेला. गल्लीत एकच लाल ठिपका उरला. शेवटी दुर्गाबाई आल्या.

"तुमचंबी काढू काय मावशी?"

"तुह्या नकाशातून निघन. त्या टँकरवाल्याच्या फोनातून कसा काढशीन मले?"

दानिशचं बोट तसंच थांबलं.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. दुर्गाबाईंसोबत कुणी दिसायला नको म्हणून गल्लीतली दारं लागत गेली. दुर्गाबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि त्या एकट्याच निघाल्या.