बोटीतली माणसं हलत नव्हती

फोन आला तेव्हा मी शिनोलीला, माहेरीच होते. माझा धाकटा भाऊ विलास मालवाहू जहाजावर खलाशी होता. त्याला नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीचा माणूस बोलत होता. "इंजिन रूममध्ये अपघात झाला. विलास गेले." आणि लगेच, "पेपरवाल्यांशी काही बोलू नका." भाऊ गेला हे मनात उतरायच्या आधीच ते दुसरं वाक्य खटकलं. विलास डेकवरचा माणूस. इंजिनपाशी त्याचं काय काम?

डिंभ्याच्या धरणात पोहायला शिकलेला हा पोरगा बोलका होता, कुणाशीही दोस्ती करायचा. मग एका सफरीत मासेमारीची वाटणारी होडी जवळ आली आणि तिच्यातून बंदुका निघाल्या. त्यांचं जहाज थोडक्यात सुटलं, पण घरी आला तो वेगळाच विलास. धरणाच्या काठी आम्ही डबा खात होतो. एक होडी सरळ आमच्याकडे येऊ लागली, तसा त्याने मला हाताला धरून उठवलं. होडीत ओळखीचाच कोळी होता. मी हसले. तो हसला नाही.

शेवटचा फोन तांबड्या समुद्रात शिरण्याआधीचा. "ताई, जहाज कुठंय ते दाखवणारं मशीन बंद केलंय. कुणाला ठावठिकाणा लागू नये म्हनून. पर ज्याला कळू नये, त्याला कळतंच गं. आतलंच कुनीतरी सांगत असंल…"

पेटी आली ती सीलबंद. उघडू नका, एजन्सीवाले म्हणाले. आई एवढंच म्हणाली, "आत त्योच हाय कशावरून?" पेटी न उघडताच अग्नी दिला. त्यानंतर मला सगळ्यांचाच संशय येऊ लागला, एजन्सीचा, जहाजाच्या मालकांचा, सांत्वनाला येऊन खोदून खोदून विचारणाऱ्या पाव्हण्यांचाही.

काही आठवड्यांनी रत्नागिरीचा एक तरुण घर शोधत आला. हाताला भाजल्याचे ताजे व्रण. तोही त्याच जहाजावर, इंजिनवर होता. दादांनी, आमच्या वडिलांनी, त्याला दारातच अडवलं. "तुला कुनी धाडलं?"

"कोणी नाही. मी न सांगता आलोय."

मग तो बोलला. विलास पहाऱ्यावर होता. दूरवर एक होडी दिसली, आत दोन माणसं. बाकीचे म्हणाले, मासेवाले असतील. विलासने दुर्बीण लावली आणि ओरडला, "ती माणसं हलत न्हाईत!" ते पुतळे होते. आत स्फोटकं भरून होडी कुणीतरी दुरून चालवत होतं. त्याच्या ओरडण्याने डेकवरचे सगळे आत पळाले. धडक बसली ती इंजिनच्या बाजूला.

"मी खाली अडकलो होतो. विलासदादा खाली उतरले. मला शिडीवर ढकललं… स्वतः वर आले नाहीत."

म्हणजे इंजिन रूम खरी होती. अपघात खोटा.

आई उठली, त्याच्या भाजलेल्या हातावरून हळूच हात फिरवला आणि म्हणाली, "जेवून जा."

विलासची ओट्यावरची जागा अजून तशीच आहे, भिंतीला पाठ, समोर घोडेगावचा रस्ता. सुट्टीवर आला की तिथंच बसून चहा प्यायचा. आता तिथं दादा बसतात. अनोळखी गाडी दारापुढे रेंगाळली की कप खाली ठेवून उभे राहतात, ती वळणाआड जाईपर्यंत.