काठीचा खूर

१८ जानेवारी, शनिवार. सकाळी साडेआठला मी बर्फ वितळावा म्हणून ड्राइव्हवेवर मीठ टाकत होते. बादलीतून मूठभर घ्यायचं आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं फेकायचं. गराजच्या दारासमोरचा दहा फुटांचा पट्टा मात्र मुद्दाम सोडला होता. तिथे आदल्या संध्याकाळी मी स्वतः पाणी ओतलं होतं आणि ते छान गोठलं होतं. अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावात बाकी सगळे घरासमोरचा बर्फ काढतात. मी बनवत होते. समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि पडदा सोडला.

हे सगळं माझ्या वडिलांसाठी. बाबा ऑक्टोबरमध्ये नागपूरहून आले. परतीचं तिकीट मे महिन्याचं, नातीचं ग्रॅज्युएशन बघून जायचं असं ठरलेलं. वय शहात्तर. चाळीस वर्षं रोज सकाळी तासभर चालणारा माणूस डिसेंबरपासून सोफ्यावर. जानेवारीच्या सुरुवातीला टपालपेटीपर्यंत गेले आणि घसरले. मनगट सुजलं, मोडलं काही नाही. पण तेव्हापासून एकच धोशा.

"माझं तिकीट फेब्रुवारीचं करून दे. मी काय भांडं आहे का, कपाटात ठेवायला?"

मी दोन आठवडे मागून घेतले, तेवढ्यात त्यांना बाहेर चालता आलं नाही तर तिकीट बदलायचं. ते त्या शनिवारी संपत होते.

वॉकर त्यांना चालत नाही. "तो म्हाताऱ्यांचा असतो." काठी चालते, पण साध्या काठीचं रबरी बूड बर्फावर साबणासारखं सरकतं. दुकानात लोखंडी दात्यांचं टोक मिळतं. बाहेर निघताना ते खाली पाडायचं, आत शिरताना वर करायचं. बाबा औषधांच्या दुकानात दाते वर न करताच शिरले आणि फरशीवर घसरत थेट शाम्पूच्या रॅकपर्यंत गेले. ते पडले नाहीत, रॅक पडला.

मी बावीस वर्षं रबरात काम करते. गाड्यांच्या दारांना जी रबरी पट्टी असते, ती कोणत्या थंडीत किती कडक होते हे बघणं माझं काम. तेव्हा एक काठीचं बूड करणं अवघड जाऊ नये, असं मला वाटलं. कल्पना बाबांचीच. जेवताना चिडून म्हणाले, "बकरीसाठी कोणी मीठ टाकत नाही. पण ओल्या खडकावर बिनघोर चढते." लहानपणी, सातवीत जाईपर्यंत, त्यांनी लोकांच्या बकऱ्या चारल्या आहेत.

मी वाचायला बसले. बकरीच्या खुराची कड टणक असते, ती फटीत रुतते. आतली गादी मऊ असते, ती दगडाला चिकटते. आणि खुराची दोन बोटं वजन पडलं की फाकतात, त्यामुळे घसरायला लागलं तरी पाय स्वतःच अडतो. ना खिळे, ना मीठ. बर्फ वितळला की आमचं मीठ दरवर्षी गल्लीच्या टोकाच्या तळ्यात जातं आणि काठची झाडं वाळतात, हेही माझ्या डोक्यात होतं.

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात निसर्गाकडून शिकण्याचा एक दिवस साजरा झाला. पडद्यावर कमळाचं पान दाखवलं, वाळवीचं वारूळ दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि प्लास्टिकच्या डब्यातली सँडविचं खाल्ली. म्हणून मी साहेबांकडे लॅबच्या फ्रीझरचा एक कप्पा मागितला, चार दिवसांसाठी. साहेब गोड हसले. म्हणाले, काठी म्हणजे वैद्यकीय वस्तू, आपण गाड्यांचं काम करतो, कोणी पडलं तर वकील मला विचारतील. कप्पा रिकामाच होता. तो रिकामाच राहिला.

मग साचा मुलीच्या कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर आणि रबर माझ्या स्वयंपाकघरात. दोन डब्यांतली द्रव्यं मिसळून ओतायची. आधी कडेला टणक, मग आत मऊ. भाजीशेजारी, घरच्या फ्रीझरमध्ये चाचणी. पहिल्या खुराची गादी कडेपासून सुटली. दुसरा बरा होता, पण बोटं फाकेनात. तिसरा शनिवारी काठीला बसवून मी बाबांना त्या गोठलेल्या पट्ट्यावर उभं केलं आणि मागून त्यांचं जॅकेट धरलं.

"गाय बांधल्यासारखं धरू नको," ते म्हणाले.

"चला तुम्ही."

तीन पावलं उत्तम गेली. मला वाटलं, झालं. चौथ्या पावलाला काठी हातात फिरली, खुराची बोटं आडवी झाली आणि काठी सरळ निघून गेली. मी जॅकेट ओढलं. बाबा मिठाच्या झाकण लावलेल्या बादलीवर बसले. दारात उभ्या असलेल्या मुलीनं म्हटलं, "आजोबा, प्लीज, जस्ट यूज द वॉकर."

"तू आत जा," आम्ही दोघंही म्हणालो.

बाबांनी काठी उचलून खूर बघितला. बराच वेळ बोटानं चाचपला. काम त्यांना आवडलं होतं, ते दिसत होतं. त्यामुळे मला जास्तच राग आला.

"बाई, तू खूर बनवला. बकरी कुठंय?"

"म्हणजे काय?"

"बकरीचा पाय असा गरगर फिरतो का? आणि ती पाय टेकवला की लगेच भार देते का? आधी नुसता ठेवते. दगड हलला तर उचलते. तोवर सगळं वजन बाकीच्या तीन पायांवर. मला तू एकच पाय दिला न."

"हे तुम्ही दोन आठवड्यांपूर्वी का नाही सांगितलं?"

"तू विचारलं कुठं? तू कॉम्प्युटरला विचारत होतीस."

बाबांना उठवून मी बादलीचं झाकण काढलं आणि राहिलेल्या पट्ट्यावर मीठ ओतलं, भरपूर. दोन आठवडे मी त्या प्राण्याचं एक टोक कापून आणून काठीला लावत बसले होते. प्राणी चालतो कसा हे ज्याला माहीत होतं तो माणूस समोर सोफ्यावर टीव्ही बघत होता. संध्याकाळी चहा घेताना ते पुन्हा म्हणाले, "तिकिटाचं बघ." मी म्हटलं, उद्या सकाळी फोन करते. दिलेला शब्द होता.

चहानंतर मी गराजमध्ये गेले. मुलीनं एका ट्रिपसाठी घेतलेल्या आणि परत कधी न वापरलेल्या ट्रेकिंगच्या दोन काठ्या तिथे पडल्या होत्या. मनगटात अडकवायचा पट्टा असल्यामुळे त्या हातात फिरत नाहीत. एकीला तिसरा खूर बसवला. दुसऱ्या खुराची बोटं करवतीनं आणखी चिरली, म्हणजे तो फाकेल, आणि दुसरीला लावला. दोन काठ्या आणि दोन पाय, एकूण चार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी एअरलाइनला फोन लावला. होल्डवर ठेवलं. फोन स्पीकरवर करून जॅकेटच्या खिशात टाकला आणि बाबांच्या हातात काठ्या दिल्या. यावेळी जॅकेट धरलं नाही, मी दोन पावलं मागे राहिले. खिशात होल्डची बासरी वाजत होती. शेजारच्या फुटपाथवर कोणी मीठ टाकलं नव्हतं. बाबा डावी काठी ठेवत, थांबत, थोडी दाबून बघत, मग पाऊल टाकत. एके ठिकाणी काठी उचलून दुसरीकडे ठेवली. तिसऱ्या घराच्या टपालपेटीपर्यंत पोचायला बारा मिनिटं लागली. माझी बोटं बधिर झाली होती.

तेवढ्यात बासरी थांबली आणि खिशातून आवाज आला, मी तुम्हाला काय मदत करू.

बाबा पाठमोरे होते. न वळता म्हणाले, "सांग तिला."

"काय सांगू?"

"तुझं तू बघ. मी कोपऱ्यापर्यंत जातो."

मी तिकिटाचं काही न सांगता फोन बंद केला आणि पुढे जाऊन डाव्या काठीचा खूर बघितला. आदल्या संध्याकाळी चिरलेल्या जागेपासून कडेपर्यंत भेग गेली होती. चौथा करावा लागणार होता. त्यांना तिथेच थांबवलं आणि माझा हात दिला. तो त्यांनी घेतला नाही.