चार बोटांची भेग

हसनाबादकडच्या आमच्या गावाची पांढऱ्या मातीची खाण एवढी खोल, की चैत्रात आत शिरलेली शेळी दिवाळीला थेट परतूरच्या बाजारात बाहेर निघायची. असं मी पाहुण्यांना सांगायचो आणि पाहुणे चहा थांबवून ऐकायचे. साधा विंचूसुद्धा माझ्या तोंडून रेड्याएवढा होऊनच बाहेर पडायचा.

खरं तर ते गावामागच्या टेकाडाच्या पायथ्याला पाडलेलं भगदाड होतं. आमची घरं माळवदाची. दर उन्हाळ्यात छतावर पांढरी माती पसरावी लागते, नाहीतर पावसाळाभर घर गळतं. टेकाडाच्या माथ्यावर म्हसोबा. देवाच्या अंगणात कुदळ मारायची नाही, म्हणून वरून कुणीच खणायचं नाही. सगळे खालून पोखरायचे, पिढ्यान्‌पिढ्या. त्यात एका अंगाच्या बाभळी सरपणाला गेल्या, दुसऱ्या अंगाचा मुरूम रस्त्याला गेला. म्हसोबा तेवढा शेंदूर लावून अधांतरी बसलेला.

त्या वैशाखात दोन दिवस अवकाळी कोसळला. ओली माती खणायला सोपी, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळीच बाया टोपल्या घेऊन निघाल्या. मी नारळ फोडायला वर गेलो होतो. म्हसोबाच्या मागं जमिनीला भेग दिसली. चार बोटं आडवी मावली. हात घातला, कोपरापर्यंत गेला, तरी तळ लागेना.

पळत खाली आलो. वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, पदर खोचून भगदाडाच्या तोंडाशी उभी होती. चार बोटं म्हणायला काय हरकत होती? पण जिभेची सवय.

"वहिनी, आत जाऊ नका! वर भेग पडली, बैलगाडी जाईल एवढी!"

"बैलासगट का, भावजी?" बाया खिदळल्या.

"शप्पथ! टेकाड खाली येऊन राह्यलं!"

"मागल्या साली तुमच्या विहिरीत मगर आल्ती, ती बी शप्पथेवरच. थांबा, दोन टोपल्या भरते, मंग तुमची गाडी बघायला येते."

एक टोपली तिनं बाहेर आणून ठेवली. दुसरी भरायला एकटीच आत गेली, तेव्हा आवाज झाला. मोठा नव्हे, कुणी खांद्यावरचं पोतं खाली टाकावं, तेवढाच. माती ओली, धूळसुद्धा उडाली नाही.

कुदळ मारायची सोय नव्हती, खाली वहिनी होती. आम्ही हातांनीच उकरलं. दुपारी तिचा हात लागला, चुडा शाबूत. भावानं तो हात धरला, तो ती पुरती निघेपर्यंत सोडला नाही. गार पडलेला होता तरी.

पुढं कौल लावून म्हसोबा गावात आणला. आता माती वरून काढतात, पायऱ्या पाडत. माथ्यावरचं पाणी बाजूनं जावं म्हणून चर खणलाय, उतारावर बाभळी वाढू दिल्यात. चार दिवसांचं काम होतं. ती असतानाही झालं असतं.

तिची ती एक टोपली भावानं पुढच्या उन्हाळ्यात छतावर पसरली. माती निबर होईपर्यंत चोपली, खाली उतरला आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"खरी केवढी होती रे भेग?"

"चार बोटं."

त्यानं स्वतःची चार बोटं जुळवून पाहिली.

"एवढंच म्हणला असतास," तो म्हणाला, "तर थांबली असती ती."