शांततेचा ठसका

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. नोकरीत असताना तो नुसता वैताग असतो. रिटायर झालं, की त्याच वैतागाचे किस्से होतात!

माझी नोकरी कागदावर ‘महिला उद्योजकता विकास’. म्हणजे नाशिक जिल्ह्यात गावोगाव बायकांचे गट बांधायचे आणि त्यांना मसाले, पापड, लोणची असा काहीतरी धंदा उभा करून द्यायचा. पण धंद्यासाठी बायका एकत्र बसायला हव्यात, आणि त्या एकत्र बसायच्या तर आधी घरोघरची भांडणं मिटायला हवीत. मग ऑफिसनं मला ‘शांतता आणि सलोखा’ या विषयाच्या ट्रेनिंगला धाडलं. तेव्हापासून जिल्ह्यात कुठेही दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, की फोन मला!

नाशिक रोडला आमचा सकाळचा वॉकिंग ग्रुप आहे. त्यांना मी हे सगळं सांगते. त्यामुळे आमचं चालणं कमी आणि बाकावर बसणं जास्त होतं, अशी डॉक्टरांची तक्रार आहे.

*

ट्रेनिंगहून ताजी ताजी परतले होते. पहिलीच केस दिंडोरीकडच्या एका गावातली. वरची आळी आणि खालची आळी. एकीच्या हळदीकुंकवाला दुसरीला बोलावणं गेलं नाही, एवढंच कारण. पण पापडाचा गट ठप्प!

मी दोन्ही आळ्यांच्या बायकांना मंदिरात समोरासमोर बसवलं. ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं पहिलं सूत्र सांगितलं, “एकमेकींच्या डोळ्यांत बघा. शांतपणे बघा. काय दिसतंय ते मनापासून सांगा.”

मिनिटभर खरोखर शांतता. मला वाटलं, जमलं!

तेवढ्यात वरच्या आळीची कमळाबाई माझ्याकडे वळून म्हणाली, “बघितलं मॅडम. नीट बघितलं. हिच्या डोळ्यांत लाज अजाबात नाय!”

पुढचं काही ऐकू आलं नाही. मंदिरातली घंटासुद्धा ऐकू आली नसती.

*

नंतर पुण्याहून एक तज्ज्ञ आल्या. गोड बोलणाऱ्या, हातात रंगीत कार्डं. त्यांचं म्हणणं, भांडण मिटवायचं असेल तर दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघा. त्याला म्हणे ‘रोल प्ले’ म्हणतात.

आमच्या एका गटात सासू आणि सून दोघी होत्या. सासू पार्वताबाई, सून मनीषा. शेवयांच्या मशीनवर कुणी बसायचं, यावरून रोज कटकट. तज्ज्ञबाईंनी नेमक्या त्यांनाच उभं केलं. “आज मनीषाताई सासू, आणि आजी, तुम्ही सून.”

मनीषा आधी लाजली. मग तिनं पदर खोचला.

“उठली का महाराणी? चहाला काय मुहूर्त पाहिजे? आमच्या वेळेला येवढ्यात दळण होऊन जायचं! आणि ही भाकरी हाय का नकाशा?”

काय सांगू! आवाज तोच, मान वेळावणं तेच, मध्येच कंबरेवर हात ठेवून सुस्कारा टाकणंसुद्धा तेच. बायका हसून हसून लोळायच्या बाकी. तज्ज्ञबाई टाळ्या वाजवत होत्या.

पार्वताबाई मात्र हसत नव्हत्या. हळूहळू त्यांची हनुवटी थरथरायला लागली. सगळ्या थांबल्या. साठी उलटलेल्या त्या बाईनं डोळ्यांना पदर लावला आणि ती म्हणाली,

“मला माहेरी जायचंय!”

मनीषाच धावली आणि तिनं सासूला जवळ घेतलं. पुढच्या आठवड्यात मी गेले, तर मशीनवर मनीषा बसलेली, आणि बाजूला बसून सासू शेवया वाळत घालत होती. मला बघून पार्वताबाई म्हणाल्या, “मॅडम, तो खेळ परत नका ठेवू. ही पोरगी लय खरं करती.”

*

मसाल्याच्या एका गटात ब्रँडच्या नावावरून वाद लागला. एकीला आपल्या कुलदेवीचं नाव हवं, दुसरीला आपल्या. तिसरीला नातवाचं! मी सबंध दुपार घालवली, सगळ्यांचा मान राखला आणि शेवटी एकमतानं नाव ठरलं: ‘एकता मसाले’. मी इतकी खूश, की ऑफिसात पेढे वाटले.

वर्षभरानं जिल्ह्याच्या प्रदर्शनात गेले. एका स्टॉलवर बोर्ड, ‘एकता मसाले’. शेजारच्या स्टॉलवर बोर्ड, ‘न्यू एकता मसाले’.

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात समोरच्या स्टॉलवरून हाक आली, “मॅडम, इकडं या! ओरिजिनल एकता आमची हाय!”

*

सणांच्या आधी पोलीस स्टेशनात शांतता समितीची बैठक असायची. सगळ्या समाजांचे पुढारी, मंडळांचे अध्यक्ष, आणि बाई म्हणून एकटी मी. बंधुभावावर भाषणं जोरदार व्हायची. भांडण व्हायचं ते खुर्चीवरून! पहिल्या रांगेत कोण, शाल आधी कुणाला, फोटोत मधोमध कोण. एकदा पोलीस साहेबांना ओरडावं लागलं, “निदान शांतता समितीत तरी शांतता राखा!”

पुढच्या बैठकीला मी एक उपाय केला. खुर्च्याच उचलायला लावल्या आणि सतरंज्या अंथरल्या. ना पहिली रांग, ना शेवटची. सगळे मुकाट्यानं मांडी घालून बसले. बैठक इतकी छान झाली, की साहेबांनी माझं जाहीर कौतुक केलं.

पंचाईत झाली ती उठताना. मंडळाचे अध्यक्ष अण्णा आणि मोहल्ल्यातले हाजीसाहेब, दोघंही सत्तरीच्या पुढचे. गेली कित्येक वर्षं एकमेकांशी शब्द नाही. बाकीचे उठून चहाकडे गेले आणि हे दोघं सतरंजीवर अडकले. अण्णांनी जमिनीवर हात टेकून बघितला. हाजीसाहेबांनी खांब शोधला, तो लांब. शेवटी नाइलाजानं दोघांनी एकमेकांचे हात धरले, “या अल्ला”, “आई गं” असं एकदमच म्हणाले, आणि उठले. उठल्यावर तोल जाऊ नये म्हणून क्षणभर एकमेकांना घट्ट धरून उभे राहिले.

नेमका तिथे फोटोग्राफर!

दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो ठळक छापून आला. खाली ओळ, ‘सलोख्याची सुवर्णसंधी’.

संधी कसली, संधिवात!

पण गंमत म्हणजे पेपरात आल्यामुळे दोघांनाही माघार घेता येईना. लोक रस्त्यात थांबवून अभिनंदन करायला लागले. मग त्यांना बोलावंच लागलं. विषय आपोआप मिळाला: गुडघे!

*

मी जिल्ह्यातली भांडणं मिटवते, याचा आमच्या घरी कुणाला फार आदर नव्हता. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून आमच्या ह्यांचं आणि वरच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांचं वाजलं. दोघांनी मलाच निवाडा करायला सांगितलं. मी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हटलं, “मी तटस्थ आहे.”

कुलकर्णी म्हणाले, “व्वा वहिनी!”

आमचे हे जेवताना ताटाकडे बघून एवढंच म्हणाले, “आमटी पण तटस्थच झालीय आज. ना आंबट, ना गोड.”

*

आणि आता हा. हा मी ग्रुपला कितीदा सांगितलाय, तरी दर थंडीत कुणीतरी फर्माईश करतंच.

विमानांचा कारखाना असलेलं ओझर आणि पिंपळगाव, या दोन्हींच्या मधलं एक गाव. तिथे आम्ही मिरची कांडायचं मशीन दिलं होतं. गट मिश्र. पुढे होत्या हिराबाई आणि शकिलाभाभी. दोघींचं इतकं जमायचं, की मी बाहेरच्या पाहुण्यांना दाखवायला त्याच गावात न्यायचे.

मग एकदा मोबाइलवरून कुठलीशी अफवा आली. खोटी होती, पण खोटी निघेपर्यंत दगड उडाले होते. दोघातिघांची डोकी फुटली. पोलीस येऊन गेले, गाव निवळलं, पण बोलणं तुटलं. दोन्हीकडच्या बाप्यांनी ठरवलं, त्यांच्याशी व्यवहार नाही. मशीनच्या शेडला एक कुलूप ह्यांनी लावलं, दुसरं त्यांनी.

मी दोनदा बैठक बोलावली. दोन्ही वेळा एकच उत्तर, “आधी त्यांनी कुलूप काढावं.” बायका पदराआडून नुसत्या बघत राहायच्या. हिराबाई निघताना हळूच म्हणाली, “मॅडम, मशीन गेलं तर आमी परत दुसऱ्यांच्या वावरात.” शकिलाभाभीचे डोळे भरून आले होते.

इकडे ऑफिसचा धोशा, की बंद मशीन दुसऱ्या गावाला द्या. माझं मन होईना, पण किती वेळा टाळणार? शेवटी गावात निरोप धाडला, “उद्या टेम्पो घेऊन येतेय. मशीन नेणार.”

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. त्या गावात मी पहिल्यांदाच काहीतरी काढून घ्यायला निघाले होते.

सकाळी टेम्पो शेडसमोर थांबला. दारावर दोन्ही कुलपं जशीच्या तशी, एकाला तर गंज चढलेला. ओट्यावर एका टोकाला पोलीस पाटील तात्या, दुसऱ्या टोकाला शकिलाभाभीचे दीर मुनीरभाई. दोघांच्या मागे आपापली माणसं. सगळ्यांच्या नाकाला उपरणं, रुमाल बांधलेले. डोळे लालबुंद.

शेडच्या आतून आवाज येत होता. धडधड, धडधड, धडधड. आणि मध्येच बायकांचं हसणं.

मी शेडच्या कडेनं मागे डोकावले. मागचा पत्रा उचकटलेला. त्याच्यासमोर दोन्हीकडच्या बायकांच्या चपला एकमेकींवर पडलेल्या, आणि मिरचीची रिकामी पोती.

मी परत पुढे आले. टेम्पोवाला विचारू लागला, “मॅडम, काय करायचं?”

मी तात्यांकडे बघितलं. “तात्या, मशीन बंद आहे ना?”

“बंदच हाय मॅडम!” तात्या छाती काढून म्हणाले. “कुलूप बघा. आमच्या माणसानं हात लावला असंल तर सांगा.”

“आमच्या माणसानं पण नाही,” मुनीरभाई म्हणाले.

आत धडधड वाढली. पत्रे थरथरायला लागले.

“मग हा आवाज कसला?”

तात्यांनी मुनीरभाईंकडे बघितलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. मुनीरभाईंनी आभाळाकडे बोट केलं.

“विमान हाय मॅडम. ओझरचं.”

“रोज जातं ह्या टायमाला,” तात्या म्हणाले.

आणि दोघंही एकदम शिंकले.