बायकोसाठी बिनटपाची गाडी

निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, नाहीतर सोसायटीचे चेअरमन होतात. मी जुनी स्पोर्ट्स कार शोधायला लागलो, आणि तीही टप उघडणारी. ही बातमी भोरभर व्हायला एक चहा पुरला. तीस वर्षं कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला म्हातारचळ लागला, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पुरावा कुणी मागितला नाही.

खरं कारण अगदी व्यवहाराचं होतं. माझ्या बायकोला गाडी लागते. भोरहून निघालं की कापूरहोळ यायच्या आत ती गप्प होते, मग पांढरी पडते, मग मी ब्रेक दाबतो. उपाय सगळे करून झाले. लिंबू हुंगून झालं, आवळासुपारी चघळून झाली, बुडाखाली वर्तमानपत्र घेऊन झालं. वर्तमानपत्राचा उपाय तिच्या माहेरचा, राजगडाखालच्या पालीचा. त्यानं उलटी थांबत नाही, फक्त पुसायला कागद हाताशी राहतो.

इतकी वर्षं हे खपून गेलं, कारण तिची थोरली बहीणच आमच्याकडे यायची. अक्कांना वरंधा घाटाच्या खाली, महाडकडे दिलेलं. दिवाळी झाली की त्या एसटीनं घाट चढून यायच्या, आठ दिवस राहायच्या आणि निघताना म्हणायच्या, "फुडल्या वर्साला तू ये." आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण बायकोनं बहिणीचं घर पाहिलेलं नव्हतं. यंदा अक्कांचे गुडघे गेले. फोनवर त्या एवढंच बोलल्या, "आता तूच आलीस तर गाठ पडंल, बाय." बायकोनं फोन ठेवला आणि तांदूळ निवडायला बसली. ते तांदूळ आदल्या दिवशीच निवडून झाले होते. मला ते बघवेना.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या बाईला टेम्पो लागत नाही. पालीहून जत्रेला जाताना सगळ्या बायका टेम्पोच्या हौद्यात बसायच्या, आणि ही सर्वांत पुढे, केबिनमागचा दांडा धरून उभी. वरून टपावर थापा मारून ड्रायव्हरला सांगायची, "डावीकडनं घे रं, खड्डा हाय." तिला ट्रॅक्टरही लागत नाही. म्हणजे डोक्यावर टप नसला की तिला गाडी लागत नाही. याहून कमी पुराव्यावर मी कचेरीत लोकांचे अर्ज फेटाळलेत.

मी रीतसर टिपणी तयार केली. गाडी जुनी आणि परवडणारी हवी. टप उघडता यायला हवा. गतिरोधकांवर पोट घासता कामा नये. आणि इंद्रायणी तांदळाचं अर्धं पोतं मावायला हवं, कारण बहिणीकडे रिकाम्या हातानं कोण जातं?

पुण्याचा एक दलाल असल्या गाड्या विकायचा. काळा चष्मा, गोड जीभ. त्यानं दाखवलेली पहिली गाडी लालभडक आणि इतकी बुटकी, की तिच्यात बसायचं म्हणजे मांडी घालून जेवायला बसायचं. मी सोबत भोरचे मिस्त्री नेले होते. आयुष्यभर जीपगाड्या दुरुस्त केलेला माणूस. ते वाकले, गाडीखाली बघितलं आणि म्हणाले, "सायेब, हिच्याखालनं उंदराला बी वाकून जावं लागंल. नसरापूरचा पयला गतिरोधक आला की तितंच मुक्काम."

दुसऱ्या गाडीचा टप पत्र्याचा. बटण दाबलं की तो घडी घालून डिकीत जाऊन बसायचा. मी टाळ्याच वाजवणार होतो, पण टप डिकीत गेल्यावर तांदूळ कुठे जाणार? दलाल म्हणाला, "पोतं शेजारच्या सीटवर ठेवा, बेल्ट लावा." मी विचारलं, "आणि बायको?" यावर त्यानं काळा चष्मा पुसायला घेतला.

तिसरी मात्र बघताक्षणी आवडली. निळी, कापडी टपाची, चार सीटची. मागच्या सीटवर धड माणूस बसणं अवघड, पण पोतं बसत होतं. जमिनीपासून बऱ्यापैकी उंच. मिस्त्रींनी टपाच्या शिवणी तपासल्या, इंजिनाला कान लावला आणि मान डोलावली. "उंदरांपास्नं कापड सांभाळा. बाकी बरी हाय," असा निकाल दिला.

दलालानं एका दुपारपुरती गाडी चालवून बघायला दिली, पण स्वतः सोबत येणार म्हणाला. भोरला घरून तांदूळ आणि बायकोला घेतलं, त्याला मागे पोत्याशेजारी कोंबला आणि परीक्षेसाठी पाबे घाटाकडे निघालो. बायको डाव्या सीटवर बसली, डोक्याला ओढणी घट्ट बांधून, हातात लिंबू घेऊन, आणि बुडाखाली वर्तमानपत्र होतंच. नसरापूरला लोक चहाचे कप हातात धरून बघत राहिले. वेल्ह्यापर्यंत ती छान बोलत होती. शेतं दाखवत होती, कुणाचं भात झोडून झालं, कुणाचं राहिलं, सगळं सांगत होती. मी मनात वरंधा घाट उतरून अक्कांच्या दारात पोचलोही होतो.

पाबे घाटाच्या तिसऱ्या वळणावर ती म्हणाली, "थांबवा."

सगळं नेहमीसारखंच झालं. ती कठड्याशी बसली. मी पाण्याची बाटली धरून उभा राहिलो आणि मला अक्षरशः रडू यायला लागलं. वर सगळं आभाळ उघडं होतं, आणि तरीही तेच.

तिनं चूळ भरली, तोंड पुसलं आणि उठली. "व्हा तिकडं. मी चालवते."

"तू?"

"लायसन हाय की माझ्याकडं."

लायसन होतं खरंच. माहेरच्या ट्रॅक्टरसाठी काढलेलं, हलक्या मोटारीचं. त्याचा अर्ज मीच भरला होता, दर नूतनीकरणाचाही मीच भरला होता. सुवाच्य अक्षरात. तिला चारचाकी चालवायचा परवाना आहे हे सरकारला मी स्वतः लिहून कळवलं होतं, फक्त मला कधी समजलं नव्हतं.

तिनं सीट पुढे ओढली, गिअर दोनदा कुरकुरवला आणि निघाली. वळणामागून वळण घेतलं. पांढरी पडली नाही, गप्प तर मुळीच झाली नाही. माथ्यावर गाडी थांबवून म्हणाली, "ते कापड लावा वर. केसात धूळ जाती." मग जरा विचार करून विचारलं, "अवो, मग आपली घरची गाडी काय वाईट हाय?"

मागे पोत्याला टेकलेल्या दलालानं डोळे मिटून घेतले.

"एवढी वर्षं बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"म्या इचारलं व्हतं की. पयली गाडी घेतली तवा. तुमी म्हणला, गिअर बिघडंल."

मला ते आठवलं. नसतं आठवलं तर बरं झालं असतं.

निळी गाडी दलालाबरोबर पुण्याला परत गेली. बायकोनं आठ दिवस भोरच्या रस्त्यांवर आमच्या बंद टपाच्या जुन्या गाडीवर हात बसवला आणि नवव्या दिवशी आम्ही निघालो. तांदूळ डिकीत, टप जिथल्या तिथे, स्टिअरिंगवर ती. नीरा देवघरचं धरण मागे पडलं, वरंधा घाट सुरू झाला आणि डाव्या सीटवर माझ्या पोटात काहीतरी फिरायला लागलं. एकतीस वर्षं तिची थट्टा केली होती. घाट उतरेपर्यंत गाडी दोनदा थांबवावी लागली. दुसऱ्या वेळी तिनं लिंबू पुढे केलं आणि वर्तमानपत्राची घडी माझ्या बुडाखाली सारली.

अक्का काठी टेकत अंगणात आल्या. धाकटी बहीण उजव्या बाजूनं उतरताना त्यांनी पाहिली. दोघींनी एकमेकींना घट्ट धरलं. मी अंगणातल्या नळाशी वाकून तोंड धूत होतो.

"इतकी वर्सं का गं आली न्हाईस?" अक्कांनी विचारलं.

बायकोनं नळाकडे बघितलं. मी मान वर केली नाही.

"गाडी लागायची मला," ती म्हणाली.