एकही ओरखडा नाही

माझ्या चंपतमामांनी बारा वर्षं लकडगंजच्या लाकूडबाजारातल्या ताराचंद शेठचे जुने, खोकणारे ट्रक हाकले, तेव्हा कुठे एकाहत्तर साली नवा कोरा ट्रक त्यांच्या हाती आला. किल्ली देताना शेठ म्हणाले, "चंपतराव, एक ओरखडा दिसला, तं पुन्हा जुनीच गाडी." मामा रोज सकाळी तो ट्रक पुसत. स्वतःच्या पोरांची तोंडं त्यांनी इतक्या प्रेमानं कधी पुसली नसतील.

त्या दुपारी सागवान भरून ते खापरखेड्याला निघाले होते. रेल्वे पुलाच्या उतारावर, डिझेल वाचवायला सगळेच ड्रायव्हर करतात तसा, त्यांनी गिअर काढला. ट्रक मोकाट सुटला. ब्रेक दाबला तर पायाखाली काहीच नाही! पुढे बैलगाडी. डावीकडे रस्त्याच्या कामासाठी टाकलेला रेतीचा कमरेइतका ढीग. उजवीकडे सायकल हातात धरून पूल चढणारा लहानू, खापरखेड्याच्या वीज केंद्रातला मजूर. रेतीत घातली तर गाडीचं तोंड नक्की चेपणार; माणूस काय, उडी मारून बाजूला होईल. एवढा विचार करून मामांनी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

लहानूचा पाय मागच्या चाकाखाली गेला. ट्रक उतार संपल्यावर आपोआप थांबला. गुडघ्याखाली कापावा लागला.

ब्रेक फेल म्हणून कोणी मामांना बोल लावला नाही. उलट बैलगाडी वाचवली, शेठची गाडी वाचवली, अशी वाहवाच झाली. पानठेल्यावर मीसुद्धा मामांच्या नावानं फुशारक्या मारल्या; आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं. मामांचं जेवण मात्र सुटलं. एका रविवारी ते मला घेऊन लहानूच्या घरी गेले.

लहानूच्या बायकोनं, तुळसाबाईनं, चहा दिला. मामांनी तो तसाच खाली ठेवला.

"लहानूभाऊ, बाजूले रेती होती. तिच्यात घालता आली असती. मी गाडी वाचवली."

लहानूनं पायजम्याचा रिकामा पाय गुडघ्याखाली दुमडून घेतला.

"मलेही दिसली होती ना रेती," तो म्हणाला. "म्हणून तं मी जाग्यावरून हललो नाही गा. म्हटलं, हा डायवर गाडी रेतीतच घालते."



दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली शेठपुढे ठेवली. "या गाडीवर बसायची माही लायकी नाही," एवढंच बोलले. शेठ घाबरून उठले आणि ओरखडा कुठे पडला ते ट्रकभोवती फिरून शोधू लागले.