रेंजचा धोंडा

मी परदेशात इंग्रजी शिकवायला निघाले तेव्हा गावात कुणाला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण कुणाचा विश्वासच बसला नाही. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, एसटी जिथून माघारी वळते त्याच्याही पुढे आमची वाडी. भाताची खाचरं, उताराच्या वरकस जमिनीत नाचणी, उन्हाळ्यात हिरडा वेचायचा. तिथली पोरगी जुन्नरला होस्टेलवर राहून बी.ए. झाली, मंचरच्या शाळेत मास्तरीण झाली, इथपर्यंत लोकांनी चालवून घेतलं होतं. व्हिएतनाम म्हटल्यावर आईने एकच विचारलं, "तिथं भात खात्यात का?" खातात म्हटल्यावर तिची काळजी मिटली. निदान मी तसं धरून चालले.

तिथलं जगणं काही फार निराळं नव्हतं. एक खोली, एक पंखा, शाळेत जाणारा एक रस्ता आणि वर्गात चाळीस मुलं. सोमवारचा पहिला तास ठरलेला असायचा. शनिवार-रविवारी काय केलं, ते प्रत्येकाने इंग्रजीत सांगायचं आणि शेवटी मुलांनी मला विचारायचं. त्या उत्तरासाठी म्हणून की काय, मी दर शनिवारी पिशवी उचलून कुठल्या तरी बसमध्ये बसायची. डोंगरातले बाजार पाहिले, देवळं पाहिली, मैलोगणती भातखाचरं पाहिली. चिखलात वाकून भाताची रोपं लावणाऱ्या बायका बघून घर आठवायचं आणि मग स्वतःचाच राग यायचा. आवणीच बघायची होती तर इतक्या लांब कशाला कडमडायला आले मी?

आमच्या वाडीत फोनला रेंज नाही. रेंज लागते ती वर पठारावर, एका काळ्या धोंड्यापाशी. वाडीपासून अर्ध्या तासाची चढण आहे. रविवारी दुपारनंतर तिथे निम्मी वाडी जमते. कुणाचा भाऊ चाकणला कंपनीत, कुणाची लेक नारायणगावला दिलेली. सगळ्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू येतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. माझा फोन चारचा, म्हणजे तिकडच्या साडेपाचचा. मी परतीच्या बसमधून बोलायची. आई तिच्या बटणांच्या फोनवर असं ओरडून बोलायची की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. "जेवलीस का" आणि "कदी येणार" यापलीकडे आमचं बोलणं जात नसे. कधीकधी मला त्याचा कंटाळा यायचा. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण यायचा.

ऐन आवणीच्या दिवसांतला तो रविवार. शाळेतल्या दोघी शिक्षिकांबरोबर मी समुद्रातल्या एका बेटावर निघाले होते. खरं तर पाण्याशी माझं कधी जमलं नाही. लहान असताना धरणाच्या पाण्यात घसरले होते, तेव्हा आईनेच केसांना धरून बाहेर ओढलं होतं. तेव्हापासून मी पाण्याला लांबूनच हात जोडते. पण त्या दिवशी अंगात काय संचारलं होतं कोण जाणे. होडीत बसले, अंगातलं नारिंगी जाकीट फोटोत जाड दिसतं म्हणून काढलं आणि हात पसरून फोटो काढून घेतला. रेंज होती तोवर तो स्टेटसला टाकला. आईच्या फोनवर स्टेटस दिसत नाही, हे मनात कुठेतरी होतंच.

परतताना वारा सुटला. होडीवाला बेटावरून निघायलाच तयार होईना. साडेपाच वाजले, सहा वाजले, फोनवर एक काडी दिसेना. किनाऱ्याला पाय लागले तेव्हा साडेआठ झाले होते, म्हणजे आपल्याकडचे सात. मी लगेच आईला फोन लावला. तो बंद होता. आणि मला हायसं वाटलं. काय सांगायचं ते ठरवायला एक आठवडा मिळाला होता.

सोमवारी मुलांनी ठरलेला प्रश्न विचारला. मी होडी, वारा, होडीवाल्याचा हट्ट असं सगळं हातवारे करून सांगितलं. वर्ग पोट धरधरून हसला.

पुढच्या रविवारी आईचा फोन माझ्या भावाने उचलला. आई आवणीला गेलीय म्हणाला. मी त्याला सांगितलं, "गेल्या रविवारी शाळेत काम निघालं रे, तपासणी होती. आईला सांग." "तपासणी?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "बरं, सांगतो."

त्याच्या पुढच्या रविवारीही आई आवणीत. तिसऱ्या रविवारीही आवणीतच. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आमची खाचरं दोनच. चार दिवसांत आवणी उरकते. तीन आठवडे आई काय लावत होती?

शेजारच्या सुनेकडे मोठा फोन आहे, तिचा नंबर माझ्यापाशी होता. रविवारी चारला भावाऐवजी तिला लावला. आई कुठे आहे, विचारलं. ती म्हणाली, "ताई, तुमाला कुणीच सांगितलं न्हाई? मावशी त्या रईवारी धोंड्यावरनं उतरताना पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मंचरला आपरेशन झालं."

मी वर्गाला होडीची गोष्ट सांगत होते, त्या सकाळी आईला झोळीत घालून चार माणसं डांबरी रस्त्यापर्यंत उतरवत होती. धुकं इतकं होतं की आदल्या संध्याकाळी तिला खाली आणायलाच त्यांना खूप वेळ लागला होता. भावाला तिने पहिली शपथ घातली ती मला न कळवण्याची.

नोकरी सोडून आले. विमानात नाही रडले, पण पेठच्या पुढे कांद्याच्या ट्रकांमागे बस पाऊण तास अडकली तेव्हा इतकी रडले की शेजारच्या आजोबांनी खिडकीची जागा सोडून दिली. घरी पोचले. आई खाटेवर होती, निम्मी झालेली. कोपऱ्यात वॉकर होता आणि त्यावर लुगडं वाळत घातलेलं. मला बघून म्हणाली, "जेवलीस का?"

भाऊ माझ्याशी धड बोलत नव्हता. मी काही विचारलं की हो-नाही एवढंच. त्याच्या फोनवर तो फोटो दिसत असणार, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

त्याहून वाईट म्हणजे वाडीतल्या बाया. बघायला येणारी प्रत्येक जण माझ्या गालावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "रईवारची पण शाळा असायची म्हनं तुला. तुजी आई सांगत व्हती. लई राबवून घेत्यात तिकडं." आई खाटेवरून मान हलवायची. "तपासणी व्हती त्या दिशी. पोरीचा काय दोष?" मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत निघून जायची.

आता मी पुन्हा मंचरला शिकवते. माझे शनिवार-रविवारचे प्रवास म्हणजे मंचर ते वाडी, शेवटची एसटी आणि पुढची पायपीट. आई वॉकर धरून ओट्यापर्यंत येते, त्यापुढे नाही. पठारावर ती आता कधी जाणार नाही, डॉक्टरांनी तसं तोंडावरच सांगितलं. शाळेतल्या तपासणीची ती थाप मात्र मी अजून कबूल केली नव्हती. दर रविवारी ठरवायची, आज सांगायचं, आणि दर रविवारी तसंच तोंड घेऊन परत जायची. मला भीती होती ती तिच्या रागाची नव्हे. मी एका फोटोसाठी तिचा पाय घालवला, हे तिला कळेल, याची होती.

भात झोडून झाल्यावरच्या एका रविवारी आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. बाया फोन घेऊन पठाराकडे निघाल्या होत्या. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मला ते सहन झालं नाही.

"आई, त्या दिवशी शाळा नव्हती. तपासणी पण नव्हती. मी फिरायला गेले होते. होडीतून."

तिने मान वळवली नाही.

"म्हाईत हाये," ती म्हणाली. "फोटू बघितला म्या. वर पोचले तर शेजारची सून म्हनली, मावशी, ह्ये बगा ताई. लई पानी व्हतं गं मागं. अन् तू हात सोडून हुबी."

"मग तू सगळ्यांना शाळेचं का सांगत राहिलीस?"

"भाऊ म्हनला तू तसं सांगितलंस. मंग मी बी तसंच सांगितलं."

"पण फोटो बघितला होतास, मी फिरतेय हे कळलं होतं, तर खाली निघून यायचं ना. अंधार पडेस्तोवर कशाला बसलीस? धुक्यात?"

आता तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. एवढं शिकून हिला इतकंही कळू नये, असं काहीतरी होतं.

"तुला पवायला कुटं येतंय? पान्यातनं भाईर आली का न्हाई, त्ये कळल्याबिगर उठू कशी? सून लई वडत व्हती, चला म्हनून. मीच न्हाई उठले. मंग फोनची बॅटरीच गेली. तवा उठले."

वरच्या वाटेवर बायांचं बोलणं ऐकू येत होतं. मी तिचा हात धरला. मग तिने विचारलं, "किती वाजता आली व्हतीस काठाला?"

"सात वाजता. आपल्याकडच्या सातला."

तिने मनाशी काहीतरी जुळवलं.

"म्हंजी मी घसरले, तवा तू भाईर आली व्हतीस," ती म्हणाली. "मंग बरं झालं."